मारव्याला पेटी धरताना

मारव्याला पेटीची साथ करायची म्हणजे बोटांना लगाम घालावा लागतो. गवयाची पट्टी काळी एक असेल, तर कोमल रिषभ पांढरी दोनवर येतो आणि धैवत काळी पाचवर. सगळा मुक्काम या दोन सुरांवर. पंचम वर्ज्य. षड्ज तर गवई मुद्दाम लांबणीवर टाकत असतो; त्या एका ‘सा’साठी ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा, यातच मारव्याची सगळी ताकद आहे. तिथे पेटीवाल्याने सवयीने सा दाबला, की रंग उतरलाच.

राजूरसारख्या गावी सप्ताहात कीर्तनामागे पेटी धरणाऱ्याची सवय नेमकी उलटी. बुवांनी चाल सोडली की सूर भरून द्यायचा, टाळकऱ्यांना आधार द्यायचा. तीही साथच, आणि सोपी मुळीच नाही.

वसंतराव देशपांड्यांचा मारवा जाणकारांच्या मनात घर करून आहे. हा गवई अमुक एका घराण्यात बसवता येत नाही. नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुण्यात सुरेशबाबू माने अशी कुठकुठून विद्या घेतलेली, त्यावर दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचा गाढ ठसा. शिवाय स्वतः तबला वाजवणारे. तान कुठून उचलतील आणि समेवर कशी येतील, याचा अंदाज बांधणं भल्याभल्यांना जड जायचं. पुण्यात सैन्याच्या हिशेब खात्यात नोकरी करून हे गाणं सांभाळलेलं. पुढे 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेने वसंतराव घराघरांत पोचले.

पु. ल. देशपांड्यांच्या घरी मात्र ते कधीचेच पोचले होते. नात्याने कुणी नव्हे, पण घरचेच. पुलंचा जन्म नोव्हेंबर 1919 चा, वसंतरावांचा मे 1920 चा. वयात अंतर सहा महिन्यांचं. वसंतराव गात तेव्हा पेटीवर पुलं, आणि पुलं पेटी वाजवायला बसले की वसंतराव तबला पुढे ओढत. एकमेकांची साथ अशी अदलून-बदलून केलेली माणसं विरळा.

पेटी तेव्हा मानाचं वाद्य नव्हतं. तिचे सूर ठोकळेबाज, तिच्यात मींड येत नाही, म्हणून आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं तिला बंदीच घातली होती. पुलं 1955 मध्ये नोकरीला लागले ते त्याच आकाशवाणीत! मींड पेटीत येत नाही, हे खरंच आहे. म्हणूनच गवई मींड घेतो तेव्हा भाता हलका ठेवून बोट मागे घ्यायचं असतं, आणि ती जागा ओळखायची तर गळ्याइतकाच माणूसही ओळखीचा लागतो. पुलंच्या तो ओळखीचा होता. त्यांनी लाडाने वसंतरावांना ‘वसंतखाँ’ केलं, त्या नावाने लेख लिहिला.

30 जुलै 1983 ला वसंतराव गेले. पुलंना त्यांच्यामागे जवळजवळ सतरा वर्षं काढावी लागली. नातू राहुल देशपांडे यांनी पुढे ‘कट्यार’मधले खाँसाहेब पुन्हा उभे केले, 2022 मध्ये ‘मी वसंतराव’ हा चित्रपटही आला.

राजूरसारख्या गावात पेटी शिकणारी पोरं आज अलंकार, पलटे मन लावून घोटतात. त्यांना एकदा समोर बसवून वसंतरावांचं गाणं सबंध ऐकवायला हवं. पेटीची पट्टी कुठे दाबली यापेक्षा कुठे सोडली, याकडे कान ठेवून.