भोपळ्याची बी

मॅसॅच्युसेट्समधल्या क्वाबिन जलाशयाच्या फाटकांना नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. एप्रिलच्या मध्यावर मासेमारीचा हंगाम उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला मिटतो. गाडी फाटकाबाहेर ठेवायची, गळकाठी खांद्यावर टाकायची आणि चालू लागायचं. पायाखाली जुना गाडीरस्ता, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. चालता चालता रस्ता उताराला लागतो आणि न थांबता सरळ पाण्यात शिरतो. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी काठावर थबकलो आणि मनात आजीचंच वाक्य आलं : गाव धरणात गेलं.

आजीचं गाव उजनीत गेलं. 'बुडालं' असं ती कधीच म्हणाली नाही. 'गेलं' म्हणायची, जणू कुणी माहेरी गेलंय. उन्हाळ्यात भीमेचं पाणी उतरलं की पळसदेवाचं जुनं देऊळ उघडं पडायचं, तेव्हा ती काठावरून हात करून आपल्या घराची जागा दाखवायची. आम्हाला दिसायचा तो नुसता गाळ.

इथे क्वाबिनखाली चार गावं गेली : डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट. बॉस्टनला पाणी हवं होतं, म्हणून स्विफ्ट नदी अडवली. 28 एप्रिल 1938 ला ही गावं कायद्याने संपली. आदल्या रात्री एनफिल्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा नाच झाला आणि बाराच्या ठोक्याला माणसं बिनगावची झाली. साडेसात हजारांवर थडगी उकरून दुसरीकडे नेली. (आमच्याकडे तो प्रश्न नव्हता, आमच्या लोकांनी देव हलवले.) 1939 मध्ये पाणी चढू लागलं, धरण काठोकाठ भरायला 1946 उजाडलं.

मी जातो तो मे-जूनमध्ये. एप्रिलचं पाणी बोटं बधिर करतं, आणि जुलैत मोठे मासे खोल गारव्याला जाऊन बसतात. मे सरता सरता स्मॉलमाउथ बास उथळ पाण्यात येतो. नर शेपटीने तळाची रेती झाडून परातीएवढा खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण नराकडे येते. त्या दिवसांत त्याला भूक नसते, राग असतो. खळग्यावरून काहीही गेलं की तो तुटून पडतो, म्हणून गळाला सहज लागतो.

पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. दोन-अडीच पौंडांचा एक नर लागला, पाण्याबाहेर दोन उड्या मारल्या त्याने. मी गळ सोडवला, फोटो काढला, तो नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. तेवढ्यात खाली नजर गेली, तर खळग्यावर बोटाएवढ्या माशांची झुंबड उडालेली, पंगत बसल्यासारखी. नर सोडला तेव्हा तो तिकडे गेला खरा, पण त्यांच्या पोटात गेलं ते गेलंच. तेव्हापासून मेमध्ये मी बासच्या वाटेला जात नाही. एरवीही मोठा बास घरी नेत नाही, इथल्या पाण्यातल्या पाऱ्याबद्दल आरोग्य खात्याने बजावलेलंच आहे.

माझा जीव जडलाय तो पॅनफिशवर. तव्यात सबंध मावणारे म्हणून हे नाव. त्यातला पम्पकिनसीड म्हणजे शब्दशः भोपळ्याची बी, आकारही तसाच चपटा, गोलसर. एकदा ओल्या तळहातावर धरून बघितला : पोट हळदीचं, गालावर निळ्या नागमोडी रेघा आणि कल्ल्याच्या टोकाला कुंकवाचा ठिपका. एवढा नटून हा राहतो कुठे, तर उथळ कडेला. जूनमध्ये त्याचेही खळगे होतात. पाण्यात उतरत गेलेल्या एका गडग्याच्या पायथ्याशी मी ते शेजारी शेजारी मोजलेत, अकरा. आळीच म्हणायची. प्रत्येकावर एक नर, पंख हलवत, शेजाऱ्यावर डोळे वटारत.

मामा उजनीवर चिलापी धरायचा. चिलापीचा नरही तळाच्या चिखलात असाच खड्डा करतो, पण मादी अंडी तिथे ठेवत नाही, तोंडात घेऊन निघून जाते. आजीने गाव सोडताना दाराची चौकट उखडून बैलगाडीत घातली होती, नव्या वसाहतीत तीच बसवली. ती चौकट ठेंगणी, नव्या भिंती उंच. वरची फट कायम विटांनी बुजवलेली दिसायची.

परवा त्या गडग्यापाशी गळाला गांडूळ लावून बसलो होतो. बुचाला झटका बसला, एक भोपळ्याची बी वर आली. हात ओला करून तिला सोडवलं आणि वाकून बघत राहिलो. नर थेट आपल्या खळग्यावर गेला, दोनदा गोल फिरला, आत शिरलेल्या एका उपटसुंभाला हाकलून शेपटीने गाळ झाडू लागला. गाळ बसला तसे घासलेले खडे दिसले, आणि खड्यांत निळ्या काठाचा बशीचा एक तुकडा.

डास चावायला लागले तसा उठलो. फाटकाशी येऊन मामाला फोन लावला. तिकडे सकाळ होत होती.

"घावलं का काय?"

"एक घावला. सोडला."

"मग गेला हुतास कशाला?"