पाचोळ्याखालचे

माझे बालपण आलापल्लीच्या सागवनात गेले. वडील जंगलखात्यात कारकून होते. जंगल म्हणजे साग आणि सागाची किंमत म्हणजे जंगलाची किंमत, हे समीकरण त्यामुळे नकळत मनात रुजले. पुढे प्राध्यापकी पत्करून भिलाईत आलो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि त्या भट्टीभोवती हे गाव वाढले. बस्तरकडे जाऊ लागलो तेव्हा सालवृक्षाची, इथल्या बोलीतल्या 'सरई'ची, ओळख झाली. कांगेर खोऱ्यात साग आणि साल एकमेकांना भेटतात. तिथे प्रथम उभा राहिलो तेव्हा दोन्हींकडे मी मान वर करूनच पाहिले होते. जंगल खाली मान घालूनही पाहता येते, हे कळायला साठी उलटावी लागली.

ते शिकवले माझ्या भाचीच्या मुलीने. ती प्राणिशास्त्र शिकते. गेल्या पावसाळ्यात तिला जमिनीवर वावरणाऱ्या भुंगेऱ्यांची पाहणी करायची होती, आणि सोबतीला मी गेलो. पद्धत साधी होती. प्लास्टिकचा पेला जमिनीत असा पुरायचा की त्याची कड मातीशी समतल यावी, वर खड्यांवर टेकवून एक पान झाकायचे, आणि सकाळी जाऊन काय पडले ते पाहून, नोंदवून, सोडून द्यायचे. एक रांग तिने वसाहतीतल्या निलगिरीखाली लावली, दुसरी सागाच्या लागवडीत, तिसरी दल्ली-राजहराच्या वाटेवरच्या मिश्र जंगलात.

भुंगेऱ्यांना आपल्याकडील शास्त्रीय लेखनात 'ढालपंखी' म्हणतात. पुढचे पंख कठीण होऊन मागच्यांची ढाल झालेले, म्हणून. जगभर त्यांच्या साडेतीन-चार लाख जाती नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या काव्याने मात्र त्यांची फारशी दखल घेतली नाही. कमळात अडकणारा भ्रमर बहुधा मधमाश्यांच्या कुळातला. पहिल्या पावसाबरोबर येणारा तांबडा मखमली इंद्रगोप, आपला मृगाचा किडा, तर आठ पायांचा, कोळ्यांचा सगोत्र. पाचोळ्याखाली रात्रभर अळ्या आणि गोगलगायी शोधत हिंडणारा काळा भुंगेरा कोणत्याच अलंकारात बसला नाही.

सागाखालच्या पेल्यांत भुंगेरे पुष्कळ होते. पण त्यांत तेच ते चेहरे पुन्हा पुन्हा दिसत. मिश्र जंगलातल्या पेल्यांत एकेक, दोन-दोनच. पण जवळजवळ प्रत्येक निराळा. एवढ्यावरून नियम सांगता येणार नाही, हे तिनेच मला बजावले. कारणे मात्र तिने समजावून दिली. या कुळातले कित्येक भुंगेरे उडतच नाहीत किंवा क्वचित उडतात; त्यांच्या अळ्याही मातीतच वाढतात. त्यामुळे पाचोळा किती जाड, ओल किती टिकते, सावली किती दाट, यांवर त्यांचे सारे आयुष्य अवलंबून असते. एका वयाच्या, एका जातीच्या झाडांखाली पाचोळाही एकाच जातीचा पडतो. उन्हाळ्यात वणवा फिरला की तोही उरत नाही. उघड्या, विस्कटलेल्या जागी कुठेही निभावून नेणारे टिकतात, आणि त्यांची गर्दी पाहून जागा समृद्ध वाटते. कधी कधी तर तिथे जातींची संख्याही घटत नाही, जाती बदलतात. म्हणून किती आहेत, यापेक्षा कोण आहेत आणि कोण नाहीत, हे विचारावे लागते.

माणसाला भुंगेरा दिसतो तो त्याने लाकूड पोखरले की. १९९७-९८च्या सुमारास मध्य प्रदेशात सालाच्या खोडात शिरणाऱ्या भुंगेऱ्याने मंडला-दिंडोरीकडील जंगले ग्रासली, तेव्हा तो वृत्तपत्रांत गाजला. जे लाकडाला हात लावत नाहीत, मातीतच जगतात आणि मरतात, त्यांची बातमी होत नाही.

परतताना मी तिला विचारले, "जंगलातले सारे या पेल्यांत येतात का ग?"

"नाही, आजोबा," ती म्हणाली, "जो हिंडतो तोच पडतो. जो जागचा हलत नाही, तो कितीही असला तरी आपल्या वहीत येत नाही."

त्या वाक्याने मला एक जुनी वही आठवली. तीसेक वर्षांपूर्वी मी या भागातील मराठी कवितेचे एक संकलन सिद्ध करत होतो. कोकभट्टीवर काम करणारे एक गृहस्थ आपली वही घेऊन घरी आले होते. मराठीत छत्तीसगढी मिसळलेली, मध्येच हलबी शब्द. मी ती आठवडाभराने परत केली. वर शेरा लिहिला, 'भाषा अशुद्ध, अनुभव विरळ.' ज्या हलबीला ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीच्या खंडात जागा दिली, तिला मी, डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने, अशुद्धात ढकलले. माझ्या संकलनात जे आले ते पुण्या-मुंबईच्या नियतकालिकांपर्यंत स्वतः चालत गेलेले होते. मी पेला पुरून बसलो होतो आणि पडले तेवढ्यालाच जंगल समजत होतो. समीक्षकांनी त्या संकलनाला 'समृद्ध' म्हटले. आज चाळतो तेव्हा त्यात सागाखालची तीच ती गर्दी दिसते.

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. काही वर्षांनी ते वारल्याचे कळले. या दिवाळीत मी त्यांच्या मुलाचे घर शोधून काढले आणि वहीविषयी विचारले. तो संकोचून म्हणाला, "घर बदलताना कुठे गेली, सांगता येत नाही, सर. तुम्ही परत दिल्यावर बाबांनी ती पुन्हा उघडली नव्हती."

भाचीची मुलगी आता हिवाळ्यातली पाहणी करणार आहे. पेल्यांबरोबर या वेळी ती पाचोळा हातांनी उचकून, चाळून पाहणार आहे. जे हिंडत नाहीत त्यांच्यासाठी. मीही जाणार आहे. गुडघे दुखतात, तरी पाचोळ्याजवळ बसायचे तर वाकावे लागेल.