गुप्तधन आणि धातुशोधक यंत्र

गुप्तधनाच्या चार गोष्टी ऐकल्यावाचून ज्याचे बालपण संपले असा मनुष्य आमच्या विदर्भात सापडणे कठीण. कोणाच्या पडक्या वाड्यात ओसरीखाली मोहरांचा हंडा असतो, कोणाच्या विहिरीच्या तळाशी पेटी असते; तीवर नागोबाचा पहारा असतो आणि अवसेच्या रात्री हंडा स्वतःच खणखणतो. तो पाहावयाचा तर मनुष्य पायाळू हवा, त्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घालावयास हवे, आणि सांगणारा मांत्रिक जवळ हवा. कोणी प्रत्यक्ष कुदळ हाती घेत नाही तोवर ह्या गोष्टी मनोरंजक असतात. परंतु ही मर्यादा पुष्कळांनी ओलांडलेली आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१३ साली नरबळी, अमानुष प्रथा आणि जादूटोणा यांच्याविरुद्ध जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधार्थ केलेल्या अमानुष कृत्यांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अशा मुलखात धातुशोधक यंत्र हे छंदाचे साधन म्हणून येते, तेव्हा त्याच्याकडे पाहण्याची दृष्टीही आयती तयार असते. आमच्या स्नेह्यांपैकी भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे अशी तीन यंत्रे आहेत. त्यांच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा दोनच प्रश्न विचारतो : हे किती खोलवरचे सांगते, आणि सोने ओळखते काय? आमचे मत असे आहे की, हे दोन्ही प्रश्न मांत्रिकाला विचारावयाचे आहेत, यंत्राला नव्हेत. यंत्राला विचारावयाचे प्रश्न तीन, आणि ते अगदी घरगुती आहेत : तुझा भार किती? तू कोणत्या गतीने फिरतोस? आणि तू बोलतोस कसा?

प्रथम यंत्राचे मर्म थोडक्यात सांगितले पाहिजे. दांड्याच्या टोकास ताटलीएवढी चकती असते. तीत तारेची वेटोळी असून त्यांतून क्षणोक्षणी उलटसुलट होणारा वीजप्रवाह वाहतो. त्यामुळे खालच्या जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. तेथे धातू असेल तर तीत अल्प प्रवाह जागे होतात आणि त्यांचे प्रत्युत्तर चकतीतील दुसरे वेटोळे ऐकते. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना २ जुलै १८८१ रोजी गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल असेच एक उपकरण घेऊन त्यांच्या बिछान्याजवळ गेला आणि टेलिफोनचे श्रवणयंत्र कानाला लावून गोळीची चाहूल घेऊ लागला. गोळी सापडली नाही. बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी नादात घोटाळा केला, असे सांगतात. पण त्याहून मोठी अडचण अशी की, गोळी उजव्या बाजूस आहे अशी मुख्य डॉक्टरांची ठाम समजूत होती आणि शोधही त्याच बाजूस घ्यावयाचा होता. शवपरीक्षेत ती डावीकडे निघाली. यंत्र कितीही सूक्ष्म असो, मनुष्याने आधीच जागा ठरवून टाकली असेल तर ते बिचारे काय करणार!

आता खोलीविषयी. चकतीपासून दूर जावे तसे क्षेत्र दुबळे होते आणि परत येणारे उत्तर पुन्हा तितकेच दुबळे होते. दोहोंचा मिळून परिणाम असा की, लहान वस्तूचे अंतर दुप्पट झाले तर तिचे उत्तर सुमारे चौसष्टाव्या हिश्शावर येते. म्हणूनच चांगल्या यंत्रालादेखील एखादे नाणे वीतभर खोलीपर्यंतच खात्रीने ऐकू येते. ‘एक कोसावरचे सोने दाखविणारी’ म्हणून जी उपकरणे अव्वाच्या सव्वा किमतीला विकली जातात, त्यांचा निकाल ह्या एका गणितात लागतो. इंग्लंडमधील एका व्यापाऱ्याने गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून बनविलेल्या पोकळ कांड्या बॉम्बशोधक म्हणून इराकला विकल्या. त्याला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याची कांडी आणि आमच्या मांत्रिकाचे अंजन, दोन्ही एकाच दुकानातला माल.

यंत्राच्या गुणांत आम्ही भाराला पहिले स्थान देतो. पोलंडचा लष्करी अधिकारी योझेफ कोसात्स्की याने १९४१ साली तयार केलेले सुरुंगशोधक यंत्र १९४२ च्या एल अलामीनच्या लढाईत वापरले गेले; त्याचे वजन चौदा किलोच्या आसपास होते. आजची छंदी यंत्रे त्याच्या दशांशावर आली आहेत. अमेरिकन गॅरेट कंपनीचे एटी प्रो सुमारे १.३७ किलो, ऑस्ट्रेलियन मायनलॅबचे इक्विनॉक्स ८०० हे १.३४ किलो, आणि फ्रेंच एक्सपी कंपनीचे डिअस एक किलोच्याही आत. ह्या आकड्यांतील फरक घरी क्षुल्लक वाटतो; रानात तो वाटत नाही. मिनिटाला तीस फेरे धरले तर दोन तासांत छत्तीसशे वेळा हात हलतो. शिवाय तराजूतील वजन निराळे आणि कोपराला जाणवणारे वजन निराळे. चकती लांब टोकाला असल्याने तेथील शंभर ग्रॅम मुठीजवळच्या शंभर ग्रॅमांहून कितीतरी अधिक छळतात. ज्या यंत्राची बॅटरी कोपरामागे बसविलेली असते, ते वजनाने थोडे जड असूनही हाताला हलके लागते. नुसता आकडा वाचून यंत्र विकत घेणारा गृहस्थ कावडीचे शास्त्र विसरला, असे म्हणावे लागेल.

दुसरा गुण गती. चकती एका बाजूकडून दुसरीकडे न्यावयास साधारण दोन सेकंद लागावेत, आणि ती जमिनीशी समांतर राहावी. नवशिका मनुष्य तिला झोपाळ्यासारखी झुलवितो. त्यामुळे दोन्ही टोकांस ती वर उचलली जाते आणि वर सांगितलेल्या चौसष्टपट न्यायाने तेथील जमीन मुकी होते. हाताच्या गतीबरोबर यंत्राचीही एक अंतर्गत गती असते : एक वस्तू ऐकून झाल्यावर दुसरी ऐकण्यास ते किती लवकर सिद्ध होते ती. इक्विनॉक्स ८०० मध्ये ह्या गतीच्या आठ पायऱ्या आहेत, त्याच्या ६०० ह्या भावंडात तीन. पायरी वरची ठेवली तर खिळ्याच्या शेजारी पडलेले नाणे वेगळे ऐकू येते. खालची ठेवली तर थोडे अधिक खोलचे ऐकू येते. दोन्ही लाभ एकदम मिळत नाहीत. गावठाणाच्या कचऱ्यात पहिली बरी, मोकळ्या रानात दुसरी.

तिसरा गुण नाद, आणि खरा रस त्यातच आहे. साधी यंत्रे सर्व धातूंना एकच ‘टीं’ देतात. चांगली यंत्रे लोखंडास खर्जातला स्वर देतात, पातळ पत्र्यास व वर्खास मधला, आणि तांब्याचांदीस उंच. त्यातही वस्तू खोल असेल तर स्वर क्षीण आणि वर असेल तर ठसठशीत, असा भेद काही यंत्रे करतात. स्वर बिनतारी श्रवणयंत्राने ऐकावयाचा असेल तर एक गोष्ट तपासून पाहावी. चकती सेकंदाला एक मीटर वेगाने फिरत असता आवाज कानी येण्यास एक दशांश सेकंद उशीर झाला, तर आवाज ऐकू येईतो चकती दहा सेंटिमीटर पुढे गेलेली असते आणि मनुष्य भलत्याच ठिकाणी खणतो. येथे गती आणि नाद यांचे नाते स्पष्ट दिसते. पन्नाशीनंतर उंच स्वर कानाला कमी ऐकू येतात. म्हणून ज्याचे स्वर आपल्या कानाप्रमाणे खाली उतरविता येतात, ते यंत्र आमच्या वयाच्या माणसास अधिक सोयीचे.

ह्या साऱ्या गुणांची परीक्षा नाचणगावास झाली. पुलगावलगतच्या ह्या गावी आमच्या एका माजी विद्यार्थ्याची शेती आहे. दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात, कापसाच्या शेवटच्या वेचणीच्या दिवसांत, एका वेचणाऱ्या बाईच्या गळ्यातील पोत तुटून सोन्याचे डोरले रानात पडले. वस्तू हरभऱ्याहून थोडी मोठी. पण तिच्या घरातील सोने म्हणावयाचे ते तेवढेच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तासात वेचणी करणाऱ्या एका मुलीवर संशय आला, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी मांत्रिकाचे नाव काढले. मांत्रिक यावयाचा म्हणजे तो कोणाचे तरी नाव घेणार, आणि ते कोणाचे घेणार हे साऱ्या गावाला ठाऊक होते. तेव्हा विद्यार्थ्याने आम्हांस निरोप धाडला, आणि आम्ही भूगर्भशास्त्री स्नेह्यांना त्यांच्या तिन्ही यंत्रांसह घेऊन गेलो.

काळी कपाशीची जमीन ही यंत्राला सोपी नव्हे. ती काळ्या पाषाणापासून झालेली. त्या पाषाणात लोहचुंबकाचे कण असतात आणि ते स्वतःच कुजबुजत राहतात. ती कुजबुज आधी यंत्राला ओळखून वगळावयास शिकवावी लागते. सर्वांत जड यंत्र मातीच्या कुजबुजीने बिलकुल गोंधळले नाही. पण लोखंड आणि सोने यांचा भेद त्याला करता येईना, आणि तासाभरात आमच्या स्नेह्यांचा दंड भरून आला. सर्वांत हलक्या यंत्राने पराटीच्या ओळींतून सहज फिरता आले. परंतु त्याची चकती मोठी असल्याने झाडांच्या बुडाशी ती जाईना. अखेर लहान चकतीचे मधले यंत्र कामी आले. वखराच्या पासेचे तुकडे, बंडीचे खिळे, बैलाची एक झिजलेली नाल यांना त्याने खर्जात सांगून बाजूस सारले. पण सोन्याचा लहान दागिना आणि गुटख्याच्या पुडीचा चकचकीत वर्ख यांना यंत्र जवळजवळ एकच स्वर देते. पुडीचा आवाज बंद करावा तर डोरल्याचाही बंद होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली खरी; रानाने मात्र ती वार्ता ऐकलेली नव्हती. मधला प्रत्येक स्वर खणून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकेचाळीस पुड्या निघाल्या. ती बाई बांधावर बसून पाहत होती, ती म्हणाली, “सर, हे यंत्र खरं बोलते, पण पुडी न् सोनं एकाच आवाजात सांगते.” धातुशोधनाचे सारे शास्त्र तिने एका वाक्यात सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास डोरले मिळाले. माघात काळी जमीन भेगाळू लागते. अशाच एका भेगेत ते चार बोटे खाली गेले होते. कोणाच्या डोळ्याला ते दिसणे शक्यच नव्हते, आणि कोणाच्या हाताने ते उचललेही नव्हते. संशय आलेली मुलगी त्या वेळी जवळच उभी होती. ती काहीच बोलली नाही. ओटीतला कापूस तिने पुन्हा वेचावयास घेतला. आमच्या मते त्या यंत्राने त्या दिवशी सोन्याहून मोलाची वस्तू वर काढली.

परंतु यंत्राची तरफदारी करताना दोन मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. पहिली जागेची. पुलगावला सैन्याचे मोठे दारूगोळा भांडार आहे. तेथे ३१ मे २०१६ रोजी भीषण आग लागली, आणि २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना झालेल्या स्फोटात माणसे दगावली. पितळी पुंगळीचा स्वर जुन्या पैशाच्या स्वरासारखा गोड असू शकतो. यंत्र धातू सांगते, धोका सांगत नाही. लष्करी हद्दीच्या आसपास ते घेऊन जाऊच नये. दुसरी मर्यादा कायद्याची. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले, तर ते काय आहे, कोठे व कधी मिळाले, हे कलेक्टरला लेखी कळवावे लागते. संरक्षित प्राचीन स्थळी खणणे तर गुन्हाच आहे, आणि तो योग्यच आहे. कारण जुने नाणे ज्या थरात पडले असेल त्या थराशिवाय ते अर्धे मुके होते.

ह्या संदर्भात इंग्लंडातील हॉक्स्नचे उदाहरण आम्हांस फार आवडते. १९९२ च्या नोव्हेंबरात तेथील एक गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी यंत्राने शोधीत होता. तेथे त्याला रोमन काळातील सोन्यारुप्याची नाणी लागली. पुढे ती सुमारे पंधरा हजार भरली. परंतु थोडेसे खणताच तो थांबला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळविले. म्हणून पुराणवस्तुशास्त्रज्ञांना तो ठेवा जागच्या जागी, ज्या पेटीत ठेवला होता तिच्या खुणांसह पाहता आला. हातोडीही पुढे सापडली, आणि ती आज त्या ठेव्यासह ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे.

तेव्हा यंत्र घेऊ इच्छिणाऱ्या वाचकास आमचे सांगणे एवढेच : आपल्या हाताला पेलेल असा भार पाहावा, आपल्या धीराला मानवेल अशी गती पाहावी आणि आपल्या कानाला उमगेल असा नाद पाहावा. चौथी गोष्ट दुकानात मिळत नाही. नाद ऐकू आल्यावर कोठे खणावे आणि कोठे हात आवरावा, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.