यॉर्कटाऊनचे मोर्चे

व्हर्जिनियात यॉर्क नदीच्या उंच दरडीवर जे मातीचे मोर्चे आज हिरवळीखाली निवांत पहुडले आहेत, त्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या गढीपाशी मी उभा राहिलो, तेव्हा ती इतकी बुटकी दिसली की, १४ ऑक्टोबर १७८१ च्या रात्री अमेरिकनांनी ती बार न भरता, नुसत्या संगिनींनी घेतली, याचे मला फारसे नवल वाटले नाही. मूळ गढीचा बराच भाग नदीने केव्हाच गिळला. समोर आहे ती नव्याने रचलेली. तिच्या उतारावर चढू पाहणाऱ्या एका पोराला त्याची आई दटावून खाली ओढीत होती.

इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस या कोपऱ्यात येऊन अडकला, त्याचे मूळ दक्षिणेत आहे. १७७७ मध्ये साराटोगास इंग्रजांची एक फौजच्या फौज शरण गेली, पुढल्या वर्षी फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूने युद्धात उतरला, आणि उत्तरेत हात टेकलेल्या सरकारने, दक्षिणेतील राजनिष्ठ रयत आपल्या निशाणाखाली धावून येईल या भरवशावर, मोहिमेचा मोहरा तिकडे वळविला. सव्हाना पडले, १२ मे १७८० रोजी चार्ल्सटनही पडले. परंतु शहर घेणे निराळे आणि मुलुखात अंमल बसविणे निराळे. लष्कर पुढे सरकले की मागचा मुलूख उठे, आणि किंग्स माउंटनवर तर राजनिष्ठांचीच फौज कापली गेली. तेव्हा अमेरिकन सेनापती ग्रीनचा पाठलाग हलक्याने करता यावा म्हणून कॉर्नवॉलिसने आपलेच सामानसुमान जाळले! गिलफर्डची लढाई त्याने जिंकली खरी. पण चौथाईहून अधिक माणसे गमावून. मग तो आरमाराच्या आशेने या नदीकाठी आला, तो खाडीच्या तोंडाशी फ्रेंच आरमार आडवे पडले, आणि जमिनीवरून वॉशिंग्टन व फ्रेंच सेनापती रोशांबो यांनी वेढा आवळला. १९ ऑक्टोबरला शरणागतीच्या वेळी, प्रकृतीचे निमित्त करून, त्याने आपल्या हाताखालच्या सरदारास पुढे केले.

मराठी माणसाला मात्र येथून श्रीरंगपट्टण आठवल्यावाचून राहत नाही. मे १७९१ मध्ये हाच कॉर्नवॉलिस, आता गव्हर्नर-जनरल, रसद तुटल्यामुळे वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून टिपूच्या राजधानीपुढून मागे फिरला, आणि वाटेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांचे दोस्त मराठी लष्कर भेटले, त्यांच्या भरल्या बाजारासह. भाव चढे होते. पण उपाशी लष्कराने घासाघीस केली नाही.