डॉक्टर, पूर्वीसारखा होईन ना?



आजार कुठलाही असो, हार्ट अटॅक, पॅरालिसिस, गुडघ्याचं ऑपरेशन किंवा लांबलेला डेंग्यू, डिस्चार्जच्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो. कधी पेशंट विचारतो, कधी त्याची बायको दाराशी थांबून हळू आवाजात विचारते. "डॉक्टर, हे पूर्वीसारखे होतील ना?"

बरीच वर्षं मी या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देत आलो. "होतील की! काही काळजी करू नका." पेशंटला धीर मिळतो, घरच्यांना बरं वाटतं आणि आपलाही राउंड पुढे सरकतो. हे उत्तर अर्धवट आहे, हे मला एका पेशंटमुळे कळलं. ते नीट समजलं मात्र एका फुटबॉलपटूमुळे. आज त्या दोघांबद्दल लिहितो.

पोरगा वाऱ्यासारखा धावला तेव्हा

मी कोल्हापूरचा. इथे फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही, तो पेठेबरोबरच मिळतो. 1998 च्या वर्ल्ड कपच्या वेळी मी एमडी करत होतो. इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना ही मॅच आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू झाली. वॉर्डातलं काम उरकून आम्ही आठ-दहा जण हॉस्टेलच्या टीव्हीसमोर बसलो होतो. इंग्लंडच्या मायकल ओवेननं मैदानाच्या मध्याजवळ पास घेतला, अर्जेंटिनाच्या दोन बचावपटूंना मागे टाकलं आणि गोल मारला. वय 18! इंग्लंड पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं, पण सकाळी राउंडला जाताना सगळ्यांच्या तोंडी त्या पोराचंच नाव होतं. मी त्याच्यामुळे लिव्हरपूल क्लबचा समर्थक झालो.

2001 मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा 'बॅलन डी'ओर' त्याला मिळाला. लिव्हरपूलसाठी त्यानं 297 सामन्यांत 158 गोल केले. मग 2004 मध्ये तो रेआल माद्रिदला गेला आणि पुढच्याच वर्षी, त्याच्याशिवाय, लिव्हरपूलनं चॅम्पियन्स लीग जिंकली. वर्षभरात तो इंग्लंडला परतला तो न्यूकॅसलकडून. तिथे चार हंगामांत दुखापतींमुळे जेमतेम 79 सामने खेळू शकला. 2009 मध्ये न्यूकॅसल पहिल्या श्रेणीतून खाली घसरलं, ओवेनचा करार संपला आणि त्याच्या प्रतिनिधींवर त्याची माहिती देणारी पुस्तिका छापून क्लबांना पाठवायची वेळ आली. त्यात तो तंदुरुस्त असल्याचं पटवून दिलेलं होतं. एकेकाळच्या सर्वोत्तम खेळाडूला 29 व्या वर्षी असं करावं लागलं.

कुणालाच नीट आनंद झाला नाही

जुलै 2009 मध्ये त्याला घेतलं ते मँचेस्टर युनायटेडनं. म्हणजे लिव्हरपूलच्या हाडवैऱ्यानं! दोन्ही शहरांत अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण वैर असं की कोल्हापूरकरांनाच कळावं. एका पेठेच्या तालमीत वाढलेला पोरगा दुसऱ्या पेठेचा शर्ट घालून मैदानात उतरला तर आपल्याकडे काय होतं, ते आठवा.

त्याच उन्हाळ्यात युनायटेडनं रोनाल्डोला 8 कोटी पौंडांना विकलं होतं. त्याचा 7 नंबरचा शर्ट मिळाला ओवेनला, जो फुकटात आला होता. माझा पुतण्या तेव्हा नववीत होता आणि युनायटेडचा कट्टर भक्त. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

"काका, तुमचा भंगार माल आमच्या गळ्यात बांधला," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "पण गोल मारेल का हो तो अजून?"

त्याच्या या दोन वाक्यांत मँचेस्टरच्या चाहत्यांची सगळी अवस्था आली. हा शत्रूकडचा, हा सारखा जखमी होणारा, आपल्याला हवा होता का हा? पण समजा जमलं तर? न्यूकॅसलचे चाहते चिडलेले, कारण त्यांच्याकडे तो बहुतेक वेळ उपचार घेत होता. आम्ही लिव्हरपूलवाले तर दुखावलेलेच. मीही त्या दिवशी पुतण्याला म्हणालो, "संपलाय रे तो. आता कुठला धावतोय!"

लक्षात घ्या, हे बोलणारा मी डॉक्टर होतो. त्याच्या पायाला काय झालंय हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण त्या वेळी मी चाहत्यासारखा बोललो. चाहता शरीराकडे पाहत नाही, त्याच्या मनातल्या जुन्या चित्राकडे पाहतो.

मांडीच्या मागे काय बिघडलं होतं?

मांडीच्या मागच्या बाजूला तीन स्नायूंचा गट असतो, त्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात. आपण बसतो तेव्हा ज्या हाडावर भार येतो तिथून हे स्नायू निघतात आणि गुडघ्याच्या खाली जोडले जातात. जोरात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि तो जमिनीवर टेकण्याच्या आधीच्या क्षणी या स्नायूंना त्याला आवर घालावा लागतो. म्हणजे स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. गाडी वेगात असताना करकचून ब्रेक दाबावा तसं. वेग जितका जास्त, तितका या ब्रेकवर ताण जास्त. त्यामुळे सर्वांत वेगवान खेळाडूंना ही दुखापत गाठते.

एप्रिल 1999 मध्ये लीड्सविरुद्धच्या सामन्यात, वयाच्या 19 व्या वर्षी, ओवेनचा हा स्नायू फाटला. ऑपरेशन झालं नाही. पुढची सगळी कारकीर्द आपण एका पायात तीनऐवजी दोनच हॅमस्ट्रिंगवर धावलो, असं त्यानं नंतर सांगितलं आहे. फाटलेला स्नायू भरून येतो, पण त्या जागी व्रणाची ऊती तयार होते आणि ती मूळ स्नायूइतकी लवचिक नसते. हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याचं सगळ्यात मोठं कारण कोणतं, तर ती आधी एकदा दुखावलेली असणं. त्यात वय वाढतं तशी भर पडते.

यानंतर 2005 च्या शेवटच्या दिवशी त्याच्या पावलाचं हाड मोडलं. 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटात गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलं आणि पुन्हा मैदानात यायला जवळजवळ दहा महिने लागले. म्हणजे 2009 मध्ये जो मँचेस्टरला आला त्याचं मन तिशीतलं आणि पाय बरंच सोसलेले होते. तो आळशी नव्हता की नाटकीही नव्हता.

सहावं जादा मिनिट, आणि वेम्बली

20 सप्टेंबर 2009. मँचेस्टर युनायटेड विरुद्ध मँचेस्टर सिटी. आपल्याकडे रविवारची संध्याकाळ. नव्वदाव्या मिनिटाला सिटीनं 3-3 अशी बरोबरी केली. राखीव म्हणून उतरलेल्या ओवेनला जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला गिग्सनं पास दिला. तो डाव्या बाजूला मोकळा उभा होता. एका स्पर्शात चेंडू थांबवला, दुसऱ्यात गोल! 4-3. पुतण्या सोफ्यावरून उडाला आणि मी, लिव्हरपूलवाला, नकळत टाळ्या वाजवत होतो.

त्या गोलमध्ये लांबची धाव नव्हती. 1998 चा ओवेन अर्धं मैदान कापून गेला होता. हा ओवेन योग्य जागी आधीच जाऊन उभा होता.

पुढच्या महिन्यात तो युनायटेडकडून लिव्हरपूलच्या मैदानावर उतरला तेव्हा त्याच्या जुन्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. डिसेंबरमध्ये जर्मनीत वोल्फ्सबर्गविरुद्ध त्यानं हॅटट्रिक केली. 28 फेब्रुवारी 2010 ला वेम्बलीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल केला आणि मध्यंतराच्या आधीच मांडीमागे हात धरून बाहेर पडला. पुन्हा हॅमस्ट्रिंग. या वेळी ऑपरेशन झालं आणि हंगाम संपला. तीन हंगामांत मिळून युनायटेडसाठी 52 सामने, 17 गोल. 2011 मध्ये आयुष्यातलं पहिलं लीग विजेतेपद मिळालं. 2013 मध्ये तो निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर एका मुलाखतीत त्यानं मोकळेपणानं सांगितलं की, शेवटची सहा-सात वर्षं तो भीतीत खेळला. वेग घ्यायची वेळ आली की आता स्नायू फाटेल अशी भीती वाटायची, म्हणून मोकळ्या जागेत धाव घेण्याचं तो टाळायचा. ज्या गोष्टीसाठी जग त्याला ओळखत होतं, तीच त्याला नकोशी झाली होती.

हे ऐकलं तेव्हा मला माझे एक पेशंट आठवले.

आमचे पीटीचे सर

एका शाळेतले खेळाचे शिक्षक. वय 52. हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, चांगले सावरले. डिस्चार्जच्या वेळी त्यांनी विचारलं आणि मी नेहमीचं उत्तर दिलं, "अगदी पूर्वीसारखे व्हाल, सर."

दोन महिन्यांनी ते शाळेत रुजू झाले. सहकाऱ्यांनी हार घातला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण मैदानावर गेले की सगळ्यांची नजर त्यांच्या छातीवर. कुणी खुर्ची आणून द्यायचं, कुणी शिट्टी काढून घ्यायचं. मागे कुजबुज, "सरांना आता झेपायचं नाही." माणूस परत आल्याचा आनंद होता आणि त्याच्यावर विश्वासही नव्हता. ओवेनच्या शर्टाकडे पाहणाऱ्या माझ्या पुतण्याचं जे झालं होतं, तेच.

एके दिवशी सर मुलांबरोबर धावले. छातीत दुखलं. त्यांनी ते चार दिवस कुणालाही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी बाईंनी जवळजवळ ओढतच दवाखान्यात आणलं. नशीब बलवत्तर, हृदयाला नवी इजा झाली नव्हती. मी रागावलो, तर शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच म्हणाला होता की पूर्वीसारखा होशील. दुखतंय म्हटलं असतं तर मी संपलो असंच ठरलं असतं की ओ."

त्या दिवसापासून मी ते उत्तर देणं सोडलं.

मग काय सांगायचं?

आता मी सांगतो, "तुम्ही बरे व्हाल, पण थोडे वेगळे व्हाल. त्या वेगळ्या माणसाला काय काय करता येईल ते आपण मिळून शोधू." सरांची स्ट्रेस टेस्ट केली, किती श्रम झेपतात ते पाहिलं, औषधं बदलली, चालण्यापासून सुरुवात करून व्यायाम हळूहळू वाढवला. धावून दाखवण्याऐवजी ते आता मुलांना कुठे उभं राहायचं ते शिकवतात.

तुमच्यासाठी काही गोष्टी:

1. मांडीच्या मागे अचानक चमक आली, 'कट्' असा आवाज जाणवला, काळंनिळं पडलं किंवा पाय टेकवेना, तर खेळ तिथेच थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, पाय उंच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पहिल्या काही दिवसांत जोरात मालीश नको. तालमीतल्या वस्तादांचा मान राखून सांगतो, त्यानं आतला रक्तस्राव वाढू शकतो.

2. दुखणं थांबलं म्हणजे स्नायू तयार झाला असं नाही. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाली आणि पूर्ण वेगात न दुखता धावता आलं, की मगच सामना खेळा. गुडघ्यांवर बसून, साथीदारानं घोटे धरलेले असताना शरीर सावकाश पुढे झुकवण्याचा 'नॉर्डिक' व्यायाम नियमित केल्यास या दुखापती बऱ्याच कमी होतात. तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

3. हार्ट अटॅकनंतर श्रम करताना छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि सांगा. विश्रांतीनंतरही दुखत राहिलं तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा. सांगणं म्हणजे हरणं नव्हे.

4. भीती वाटत असेल तर तीही सांगा. हालचालीच्या भीतीनं माणूस हालचाल कमी करतो, स्नायू आणखी अशक्त होतात आणि भीती खरी ठरू लागते. तिच्यावर उपचार आहेत.

5. घरच्यांनो, तुमच्या मनात आनंद आणि शंका दोन्ही येणार. त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. फक्त रोज सकाळी त्या माणसाची त्याच्या जुन्या फोटोशी तुलना करू नका. त्याच्यासमोर "झेपायचं नाही" म्हणू नका आणि "तुला काही झालेलंच नाही" असंही म्हणू नका. "आज किती जमलं?" एवढंच विचारा.

पुतण्या आता तिशी ओलांडून पुढे गेला. मागच्या वर्षी रविवारी खेळताना त्याचीही हॅमस्ट्रिंग दुखावली. तपासायच्या टेबलावर पालथा पडल्या पडल्या त्यानं विचारलं, "काका, पूर्वीसारखा धावेन ना?"

मी म्हणालो, "आधी सरळ चालून दाखव. मग बघू, तुला कुठे उभं करायचं ते."