कृष्णाकांठचे रंगीत गोटे

वाईस कृष्णेच्या घाटावर येणारे बहुतेक प्रवासी सन १७६२ मध्यें रास्त्यांनीं बांधविलेल्या ढोल्या गणपतीचें दर्शन घेऊन परततात. देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची कां, हें थोडेच विचारतात. पुराचें पाणी दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जावें म्हणून ती तशी निमुळती आहे. दगडाला आकार देण्याची हौस मात्र नदीलाही आहे. तिचे गोटे पाहावे!

आम्ही गतवर्षीं येथें आठवडाभर राहिलों, तें या गोट्यांसाठीं. निवृत्तीनंतर आमचा हात कांपूं लागला; फळ्यावर शोभणारें अक्षर पत्रांत आमचें आम्हांस ओळखूं येईना. परंतु तळहातीं मावणारा काळा गोटा डाव्या हातांत घेतला आणि उजव्या हाताची करंगळी त्यावर टेकली, म्हणजे कुंचला मुकाट्यानें वळतो. गोटा धुवून दिवसभर उन्हांत वाळवावा. ओल राहिल्यास रंगाचे पोपडे निघतात. सबंध गोटा रंगवूं नये. तो दगडाचा अपमान होय. चित्रापुरताच पांढऱ्याचा एक हात द्यावा, त्यावर अॅक्रिलिक रंग. दगडांत पांढरी शीर असल्यास तिचाच वेल करावा. दोन पानें रंगेपर्यंत सांज होते आणि घरच्या चिंता आठवत नाहींत.

एक गोटा गेरूनें तांबडा करून आम्ही पायरीवर वाळत ठेविला होता. सकाळीं पाहतों तों त्यावर हळदकुंकू आणि चाफ्याचीं दोन फुलें! आम्ही नमस्कार केला व दुसरा गोटा शोधावयास खालीं उतरलों.