उसनवारीचा हिशेब

संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहिणें हा आमचा नित्याचा उद्योग आहे. प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारें कांहीं स्वतःच लिहितो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति निराळी आहे. आमच्या हातचें काम थोडें, आणि दुसऱ्यांकडून घेतलेलें फार! या उसनवारीची व्यवस्था कशी ठेवावी, याविषयीं चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आंकडेमोडीचें काम आम्ही बहुधा पायथन भाषेंत करतों. ही भाषा लिहिण्यास सोपी, पण मोठ्या गणितास मंद. यास्तव आम्ही नमपाय नांवाची लायब्ररी जोडून घेतों. लायब्ररी म्हणजे येथें पुस्तकांचें घर नव्हे. अनेकांच्या उपयोगी पडणाऱ्या तयार कृतींचा तो संग्रह होय. नमपायचें बरेचसें अंतरंग सी भाषेंत आहे, आणि समीकरणें सोडविण्याचा भार ती लॅपॅक या दुसऱ्या लायब्ररीवर सोपविते. लॅपॅक १९९२ सालीं प्रसिद्ध झाली व ती मुख्यतः फोर्ट्रान भाषेंत लिहिलेली आहे. फोर्ट्रान तर १९५७ सालची! आजचा विद्यार्थी पायथनची एक ओळ लिहितो, तेव्हां त्याच्या आजोबांच्या काळची भाषा खालीं राबत असते.

अडचण उद्भवते ती येथेंच. पायथनमधील मजकूर बहुधा एका यंत्रावरून दुसऱ्यावर जसाच्या तसा नेतां येतो. सी व फोर्ट्रान यांतील मजकूर मात्र कंपायलरकडून आधीं यंत्राच्या भाषेंत उतरवून घ्यावा लागतो, आणि ती भाषा प्रोसेसरागणिक बदलते. २०२० सालीं ॲपल कंपनीनें आपल्या संगणकांत एम१ हा स्वतःचा प्रोसेसर घातला, तेव्हां त्याची खरी गति मिळावी म्हणून अशा लायब्रऱ्या त्याच्यासाठीं नव्यानें बांधाव्या लागल्या.

मागें एकदां एक तरुण सहकारी हिरमुसल्या चेहऱ्यानें आमच्याकडे आला. त्यानें एका शाळेसाठीं निकालपत्रकांचा प्रोग्रॅम केला होता. तो त्याच्या नव्या संगणकावर उत्तम चाले. शाळेच्या जुन्या लिनक्स संगणकावर सुरूच होईना. निकाल दोन दिवसांवर आलेला! गणितांत दोष नव्हता. त्यांतील सी भाषेचा भाग नव्या प्रणालीवर बांधलेला असल्यानें तो जीलिबसी या मूळ लायब्ररीची नवी आवृत्ति मागत होता, आणि शाळेंत होती जुनी. जुन्या आवृत्तीवर बांधलेलें सहसा नव्यावर चालतें; नव्यावर बांधलेलें जुन्यावर चालेलच असें नाहीं. याच कारणास्तव पायथनच्या जाणत्यांनीं २०१६ सालीं मेनीलिनक्स हा नियम केला, तेव्हां २००७ सालची सेंटओएस ५ ही प्रणाली मुद्दाम आधारास घेतली. आम्हीं दोघांनीं मिळून तो भाग जुन्या प्रणालीवर पुनः बांधला, आणि निकालपत्रकें वेळेवर निघालीं.

आतां प्रश्न असा कीं, प्रवासास निघतांना शिदोरी बरोबर घ्यावी, कीं वाटेंत मिळेल त्यावर भागवावें? लायब्ररीची प्रत प्रोग्रॅमबरोबरच बांधून दिली तर ती कोठेंही अडत नाहीं. परंतु शिदोरी नासली तर? २०१४ च्या एप्रिलांत ओपनएसएसएल या लायब्ररींत हार्टब्लीड नांवाचा दोष उघडकीस आला. त्यामुळें संगणकाच्या स्मृतींतील गुप्त मजकूर परक्यास वाचतां येत असे. जेथें सर्व प्रोग्रॅम एकच सामाईक प्रत वापरीत, तेथें ती बदलून ते पुनः सुरू केले कीं काम भागे. जेथें प्रत्येकानें आपली प्रत बांधून घेतली होती, तेथें ती एकेक शोधून बदलावी लागली.

दोन्ही वाटांस गुण आहेत नि दोषहि आहेत. आमचा नियम एवढाच कीं, कोणतीहि वाट धरा, पण यादी ठेवा. कोणती लायब्ररी घेतली, कितवी आवृत्ति, कोठून आणिली, ती आणखी कोणावर विसंबून आहे, हें सारें लिहून प्रोग्रॅमबरोबरच जपावें. ही यादी हातीं असली कीं दोष निघाल्यावर घटकाभरांत उत्तर सांपडतें. नसली तर रात्रीच्या रात्री शोधांत जातात.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कित्येक उद्यां हाच उद्योग कराल. दुसऱ्याच्या श्रमावर उभें राहण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. घरांत उसनी आणलेली वाटीभर साखरहि आई लक्षांत ठेविते. तेवढी आठवण तुम्ही आपल्या कामांतहि ठेवा, म्हणजे तुमच्या कामावर विसंबणाऱ्यांस निश्चिंत राहतां येईल.